तांबूस, गोल आणि आतून पोकळ

कातरीनबाई लोपीस यांचा उजवा हात मोडला तो एका बोंबलापायी. वसईजवळच्या भुईगावच्या घरापुढे, अंगणात दोरीवर बोंबील सुकत होते. शेजारचं मांजर आलं, बाईंनी केरसुणी उगारली, मांजर पळालं आणि बाई ओट्याच्या पायरीवरून थेट खाली. मांजराने बोंबील नेला तो नेलाच. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं, हात गळ्यात बांधला आणि बजावलं, की महिनाभर या हाताने चहाचा कपसुद्धा उचलायचा नाही.

"मंग एकतीस तारखेला काय करू?" बाईंनी विचारलं. डॉक्टर मूळचे सोलापूरचे. त्यांना वाटलं, बाईंना कुठेतरी लग्नाला जायचं असेल. ते म्हणाले, "जा की, नाचू नका म्हणजे झालं."

बरोबर आलेली सून, एलिसा, मात्र समजली. मे हा मरियामातेचा महिना. आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे, तिथे महिनाभर रोज ऊन उतरलं की माणसं जमतात, रोझरी म्हणतात, गाणी म्हणतात आणि ज्या घराची पाळी असेल ते घर सगळ्यांना खाऊ वाटतं. एकतीस तारीख शेवटची, तेव्हा गर्दी दुप्पट. शेवटच्या दिवसाची पाळी घरोघर फिरत जाते. यंदा ती कितीतरी वर्षांनी लोपीसांकडे आली होती, आणि नेमका हात गेला होता.

रिक्षात बसल्या बसल्या एलिसा म्हणाली, "आई, काळजी करू नका. सगळं मी करते."

म्हणून तर बसली. पण रिक्षा घरी पोचेपर्यंत तिला पस्तावा झाला. कारण एलिसा माहेरची साळवे. तिचे वडील श्रीरामपूरकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले आणि एव्हरशाईन सिटीत स्थायिक झालेले. आता ख्रिस्ती तेही आणि ख्रिस्ती हेही. पण नगरकडचे ख्रिस्ती आणि वसईचे ख्रिस्ती यांचं देवळात जेवढं जुळतं तेवढं स्वयंपाकघरात जुळत नाही. प्रार्थना त्याच, मसाला निराळा. लग्नानंतरची वर्षं एलिसा आणि जेसन एव्हरशाईनलाच भाड्याने राहिले. लेक नेरिसा शाळेत जायला लागली तेव्हा तिला धावायला अंगण हवं म्हणून ती दोघं भुईगावच्या घरी आली. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. सासूबाईंची चुलत जाऊ, मोनिकामावशी, हात बघायला आली आणि हातापेक्षा सुनेलाच जास्त बघून गेली. जाता जाता म्हणाली, "बरं हाय. औंदा क्रुसापाशी पुरनपोळी मिळंल आमाला."

सगळे हसले. एलिसाही हसली. मोनिकामावशी फाटकाबाहेर गेल्यावर मात्र सासूबाईंचं हसू मावळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "एलिसा, माझी मान खाली जायला नको बघ." हे शब्द एलिसाच्या मनात असे रुतले की त्या रात्री तिला झोप लागली नाही. पुरणपोळी तिला उत्तम येत होती, हे वर आणखी दुःख.

तसं घर उन्हाळ्याच्या धांदलीत होतं. जेसन एसी दुरुस्तीच्या कामात, म्हणजे मे महिना ही त्याची सुगी. सकाळी बॅग पाठीला लावून तो जाई आणि परक्यांची घरं गार करून रात्री स्वतः घामाघूम होऊन येई. त्याच्या स्वतःच्या घरात एसी नव्हता, आणि यावर कुणी विनोद केला की तो म्हणे, "न्हाव्याचे केस बघितलेत का कधी?" सासरे, फ्रेडरिकबाबा, पहाटे वाडीत जाऊन केळींना पाणी सोडत, मोगरा खुडत आणि ऊन तापलं की ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन पडत. नेरिसाला सुट्टी. ती दिवसभर चिखलाने माखलेली, ताडगोळ्याच्या रसाने चिकट झालेली आणि अतिशय सुखी असे. एलिसाच्या वाट्याला मसाल्याच्या मिरच्या, सुकट, लोणच्याच्या कैऱ्या, आणि या सगळ्यावरून कावळे हाकलणं. सासूबाई खुर्चीत बसून डाव्या हाताने हुकूम सोडत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लोपीसांच्या घरात आपसात त्यांची बोली चालते, वाडवडिलांपासूनची. बाहेरच्या माणसाला त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. सासूबाई मनाने मोठ्या. सुनेला परकं वाटू नये म्हणून तिच्याशी बोलताना त्या मुद्दाम शाळेतली मराठी काढत. कधी ती मध्येच घसरे, पण त्या पुन्हा सावरून घेत. या चांगुलपणानेच पुढचा सगळा घोळ केला. वाईट मनाच्या सासूच्या हातून हे घडलंच नसतं.

एके दुपारी मिरच्यांची देठं काढता काढता सासूबाई म्हणाल्या, "एलिसा, चणे घरी उकडू. ते बाबा बघतील. तू दोनशे फुगे सांगून ठेव."

"फुगे?" एलिसाला नवल वाटलं, पण मग तिला ती कल्पना छानच वाटली. क्रुसाभोवती फुगे! मुलं खूश होतील. सासूबाई दिसतात तेवढ्या जुन्या वळणाच्या नाहीत तर. "कुठल्या रंगाचे?"

सासूबाईंनी तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. हल्लीच्या मुली काहीही विचारतात, असा तो चेहरा होता. "रंग? रंग आपला नेहमीचा. तांबूस, सोनेरी. काळपट नकोत."

"नाही, काळे कशाला? आणि मोठे की लहान?"

"लहानच. गोल पाहिजेत, वाकडेतिकडे नको. आतून पोकळ पाहिजे. एक दाबून बघ घेताना. आणि त्याच दिवशीचे सांग, ताजे. आदल्या दिवशीचे चिवट होतात."

"खरंय, या उन्हात तर लगेच मऊ पडतात," एलिसा म्हणाली. दोघींचं किती छान जमत होतं!

"ओळखीचं आहे का कोण? चांगल्या हाताचं पाहिजे."

"आहे ना, मितेशभाई. एव्हरशाईनला आमच्या शेजारी होते. कम्युनियन, साखरपुडे, सगळीकडे तेच देतात."

"मितेश? गुजराती?" सासूबाईंचा देठ काढणारा डावा हात थांबला. मग त्यांनी मान हलवली. "देत असतील. चांगलं आहे."

रात्री आतल्या खोलीत त्या नवऱ्याला म्हणत होत्या, "जमाना बदलला, फ्रेडरिक. आता गुजरातीबी अंडी फोडाय लागले." एलिसाने ते भांडी आवरताना ऐकलं आणि टीव्हीवरचं काही असेल असं समजून सोडून दिलं.

एकतीस तारीख उजाडली. एलिसाने अंगण झाडलं, सडा घातला, चणे रात्रीच भिजत टाकले होते ते बाबांच्या हवाली केले. जेसनने कधी नव्हे ती सुट्टी घेतली होती आणि क्रुसाला दिव्यांची माळ लावायला तो शिडीवर चढला होता. मनासारखं चाललं होतं सगळं. सकाळ सरता सरता मितेशभाईंचा टेम्पो आला. जाळीच्या मोठमोठ्या पिशव्यांमधून सोनेरी फुगे उतरले. छोटे, गोल, टचटचीत. एलिसाने एक दाबून पाहिला. उत्तम.

नेरिसा किंचाळत सुटली. दोघा-तिघांनी मिळून फुगे ओट्यावर बांधले. ऊन पडल्यावर ओटा असा झगमगला की रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "एलिसा, फुगे आले का?"

"आले, आई! एकदम मस्त आहेत. ओट्यावर बांधले."

"बांधले?" आतून पुन्हा आवाज आला.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. एक फुगा उन्हाने तापून फाटकन फुटला, तरी त्यांची पापणी हलली नाही.

"आनि खायचे?" त्या म्हणाल्या. शाळेतली मराठी गेली ती गेलीच.

"खायचे काय?"

"फुग्या गो! फुग्या!"

आता फुग्या एलिसाला माहीत नव्हत्या असं नाही. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घालून भिजवलेलं पीठ, त्याचे तेलात सोडलेले गोळे, आत जाळी पडून टम्म फुगलेले. इकडच्या प्रत्येक लग्नात तिने त्या खाल्ल्या होत्या. पण खाल्ल्या होत्या त्या फुग्या. सगळं गाव त्यांना फुग्याच म्हणत होतं. सासूबाईंनी तिला कळावं म्हणून, शुद्ध बोलावं म्हणून, मोठ्या प्रेमाने फुग्यांचे फुगे केले होते.

शिडीवरून उतरलेल्या जेसनला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा हसू आवरेना. तो खांबाला धरून खाली बसला. "तांबूस... आतून पोकळ..." एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं. एलिसाच्या मात्र डोळ्यांपुढे संध्याकाळ उभी राहिली. आळीच्या सगळ्या माणसांपुढे आज लोपीसांच्या घरून चिमूटभर चणे निघणार, आणि तेही तिच्यामुळे. सासूबाईंनी मागितलं होतं काय, तर एवढंच, की मान खाली जाऊ नये.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "मी आत्ता फोन करते. गावात कोण करतं फुग्या?"

फोन झाले. पण मे महिन्याचा शेवटचा रविवार, गावोगाव लग्नं. फुग्या करणाऱ्या बाया पहाटेपासून दुसऱ्यांच्या मांडवात. एकीने तर फोनवरच हात जोडले. जेसनने डोळे पुसत सुचवलं, "बेकरीतून पाव आणू का?" यावर त्याच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा शिडीवर चढला.

एलिसा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. काय करायचं ते सुचत नव्हतं. सासूबाई मागोमाग आल्या आणि स्टुलावर बसल्या. आता बोलणी बसणार, असं एलिसाने धरूनच ठेवलं होतं.

"तुला खरं सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "मला इकतच्या नको होत्या. आमच्या घरची पाळी कधी आली तर फुग्या घरच्याच. माझ्या सासूनं केल्या, मी केल्या. औंदा हात गेला. तुला काय सांगनार, तू मसाल्यात, पोरीत, घरात. म्हनून इकत सांगितल्या. चार दिस झोप नाय मला."

"मग मला करायला का नाही सांगितलं?"

"तुला जमंल का नाय, म्हनून." मग त्या प्रामाणिकपणे पुढे म्हणाल्या, "आनि जमलं असतं तर?"

एलिसाला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिचं रडू थांबलं. सासूबाईंना भीती होती ती सुनेला जमणार नाही याची, आणि तितकीच जमेल याचीही. खरं सांगायचं तर अशी भीती कुठल्या सासूला नसते? पण तोंडाने बोलून दाखवणारी एलिसाने पहिल्यांदाच पाहिली. तिला सासूबाईंचा एकाएकी फार लोभ वाटला.

तिने बाह्या वर सारल्या. "बोला, मैदा किती?"

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला स्वयंपाक म्हणणं धाडसाचं होईल. फ्रेडरिकबाबांना ताडी आणायला पाठवलं. ते एरवी पाणी प्यायलासुद्धा कुणीतरी उठवल्याशिवाय उठत नाहीत. आज चप्पल न घालताच निघाले. भांडं भरून ताडी आणली, पण भांडं काठापर्यंत का नाही भरलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. जेसनने नारळ खवले. नेरिसाने अंडी फोडली, त्यातली बरीचशी भांड्यातच पडली. एलिसाने परातीत पीठ घेतलं आणि सासूबाईंनी स्टूल ओढून परातीशी आणलं.

"फेट. अजून फेट. हात दुखतो? दुखू दे. पीठ हात सोडायला लागलं की थांब. आता नाय, अजून नाय. हां."

बिचाऱ्यांचा प्लॅस्टरमधला हात मध्येच आपोआप पुढे येई आणि कळ आली की मागे जाई. एकदा त्यांनी डावा हातच परातीत घातला, एलिसाच्या हाताशेजारी, आणि दोन्ही हात काही वेळ त्या चिकट पिठात बरोबर फिरले. त्या कुठल्या भाषेत बोलत होत्या याचं त्यांना भान नव्हतं. सगळी बोलीच होती, अन् एलिसाला सगळं कळत होतं.

मे महिन्याच्या उकाड्याला आपण शिव्या देतो. पण पीठ फुगवायचं असेल तर त्याच्यासारखा गडी नाही. ओल्या फडक्याखाली पीठ बघता बघता परातीबाहेर डोकावू लागलं. ओट्यावर फुगे फुटत होते, आत पीठ वर येत होतं.

खरी परीक्षा पुढेच होती. फुगी सोडायची रीत अशी: हात पाण्यात बुडवायचा, मूठभर पीठ घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठ्याजवळून गोळा वर आला की अंगठ्याने तोडून तेलात सोडायचा. सासूबाई हे करत तेव्हा गोळ्यांचा पाऊस पडल्यासारखा दिसे म्हणे. एलिसाची पहिली फुगी तेलात पडली आणि तिच्यामागून पिठाची एक लांब तार गेली. तळून वर आली ती शेपटी घेऊनच.

"बेडकाचं पिल्लू!" नेरिसा ओरडली.

दुसरीला शेपटी. तिसरीला दोन. जेसनने करून पाहिली, तिला पाय फुटले. त्याला लगेच तिथून हाकलण्यात आलं. एलिसा घामाने निथळत होती, अंगठा दुखत होता, आणि सासूबाई जीव तोडून सांगत होत्या, "अंगठा आत घे, आत! तोड!" हळूहळू शेपट्या आखूड झाल्या. पण गेल्या नाहीत. टोपली भरली तेव्हा त्यात गोल म्हणाव्यात अशा फुग्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सासूबाईंनी एक उचलली, मोडली. आत पोकळ, जाळीदार. त्यांनी चव घेतली आणि उरलेला तुकडाही तोंडात टाकला.

"कशी झालीय?" एलिसाने विचारलं.

"वेळ झाला. साडी बदल जा," सासूबाई म्हणाल्या.

क्रुसापाशी माणूस मावत नव्हता. दिव्यांची माळ, मोगऱ्याचे हार आणि ओट्यावरून सोडून आणलेले, फुटायचे राहिलेले सोनेरी फुगे. रोझरी नीट पार पडली. लितानी, म्हणजे मरियामातेच्या नावांची विनवणी, सुरू झाली, सगळे एका सुरात "आम्हांसाठी विनंती कर" म्हणत होते, तेवढ्यात एक फुगा फाटकन फुटला, आणि मागच्या रांगेतले एक आजोबा दचकून "आमेन!" म्हणाले. पोरं खुसखुसली, मोठी माणसं खाली बघू लागली. मरियामातेनेही मनावर घेतलं नसावं.

शेवटचं गाणं झालं. बाबांनी चणे वाटायला घेतले आणि एलिसा ताट घेऊन पुढे आली. पहिल्याच बाकावर मोनिकामावशी. तिने फुगी उचलली, शेपटीला धरून दिव्यापाशी नेली, उलटीसुलटी करून पाहिली. बोलणी थांबली. आळीतल्या बायांना अशा वेळी गप्प बसायला कुणी शिकवावं लागत नाही.

"कातरीन," मोनिकामावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लोपीसांच्या फुग्यांना शेपट्या कवापासून आल्या? कोनी केल्यात ह्या?"

खरं ते सांगून टाकावं, म्हणून एलिसाने तोंड उघडलं.

"मी," मागून आवाज आला.

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या गळ्यात बांधलेल्या पांढऱ्या प्लॅस्टरवर गेल्या.

"तू?" मोनिकामावशी म्हणाली. "ह्या हातानं?"

"माझ्या घरात हात काय एकच हाय?" सासूबाई म्हणाल्या, मान ताठ ठेवून. "खाऊन बघ, मंग बोल."

मोनिकामावशीने खाल्ली. चावली, गिळली, आणि ताटातून आणखी दोन उचलल्या. मागचे लोक हसू लागले, कुणीतरी ओरडलं, "आमाला ठेवा!" सासूबाई तोवर खाली बसल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, की मैदा चांगला असला तरी फेटणारं मनगट घरचं लागतं.

एलिसाला भरून आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते तसेच वाहू दिले आणि ताट घेऊन ती पुढच्या बाकाकडे गेली, कारण माणसं हात पुढे करून थांबली होती.